स्पॅनिश घोडा आणि ड्रेसाज : सारंगखेड्याच्या यात्रेत मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठच्या घोडेबाजारात माझ्या खाटेभोवती चार माणसं जमली की दरवर्षी हेच प्रश्न निघतात. मी व्यापारी नाही आणि जनावरांचा डॉक्टरही नाही. शहादा तालुक्यात पपई आणि उसाची शेती आहे, दारात दोन घोड्या आहेत, आणि २०१० पासून एका परदेशी जातीच्या मागे लागलोय. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा उत्तरं लिहूनच काढली.

आप्पा, हे ड्रेसाज म्हणजे नेमकं काय? शर्यत का?

शर्यत नाही. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आखाडा असतो. त्याच्या कडेला अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. स्वाराने ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली हालचाल करून दाखवायची: इथे दुडकी लांबव, तिथे वळ, मधोमध थांब, चौखूर धावता धावता दर पावलाला पुढचा पाय बदल. हे करताना तोंडाने आवाज काढायचा नाही आणि हातपाय हलल्याचं बघणाऱ्याला दिसू द्यायचं नाही. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात, त्याची टक्केवारी निघते. मोठ्या स्पर्धांना पाच पंच असतात, ऑलिंपिकला सात, आणि सगळे वेगवेगळ्या बाजूंनी बसलेले. समोरच्याला घोडा सरळ दिसतो, पण बाजूच्याला मागचा पाय ओढताना सापडतो.

हे ऐकून मागच्या वर्षी दोंडाईच्याचा एक म्हातारा म्हणाला, "मंग आपला नाच्या घोडा काय कमी शे?" या प्रश्नाला पुढे वेगळी जागा दिली आहे, कारण तो दिसतो तेवढा सोपा नाही.

तुम्ही ज्या जातीचं बोलता ती कोणती?

पुरा रासा एस्पान्योला, म्हणजे शुद्ध स्पॅनिश जात. कागदोपत्री पीआरई. इंग्रजी मुलखात तिला अँडालुशियन म्हणतात. मान कमानदार, छाती भरलेली, आयाळ दाट, पाठ आखूड. अंगापिंडाने फार उंच नाही. मारवाडीच्या बाजारात उंची इंचाइंचाने मोजणाऱ्यांना तो पहिल्या नजरेत बुटका वाटेल.

स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने १५६७ मध्ये कोर्दोबाला शाही तबेले उभे केले आणि ठरवून पैदास सुरू केली. पुढे युरोपातल्या राजवाड्यांमध्ये जी दरबारी घोडेस्वारी वाढली, तिचा आवडता घोडा हाच. जुन्या तैलचित्रांत राजा ज्या गुबगुबीत घोड्यावर बसलेला दिसतो, तो बहुतेक वेळा याच्याच गोतावळ्यातला. जातीची नोंदवही १९१२ पासून आहे. ती कितीतरी वर्षं स्पेनच्या लष्कराकडे होती. २००७ पासून पैदासकारांची संघटना आनसे ती सांभाळते.

इतका जुना, इतका देखणा घोडा, मग स्पर्धेत वर यायला एवढा वेळ का लागला?

यात मला सगळ्यात जास्त रस आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ड्रेसाज ऑलिंपिकमध्ये १९१२ ला आलं ते लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ म्हणून. रिसाल्याला हवा होता मैल खाणारा घोडा: लांब टांगा, मोकळी चाल, हुकमाला पक्का. चाचणीही तशीच बेतलेली. आज ज्यावर प्रेक्षक जीव टाकतात ते पियाफे आणि पसाज पहिल्या चाचणीत नव्हतेच. पियाफे म्हणजे जागच्या जागी दुडकी. पसाज म्हणजे दोन पावलांच्या मध्ये हवेत क्षणभर थबकल्यासारखी उंच, संथ दुडकी. अधिकारीपणाचं प्रकरण इतकं कडक होतं की १९४८ मध्ये स्वीडनच्या संघाचं सुवर्ण नंतर काढून घेतलं. कारण एवढंच, की त्यांच्यातला गेह्नॉल पर्सन हा खरा अधिकारी नव्हता. स्पर्धेपुरती बढती देऊन त्याला पाठवला होता. सामान्य लोकांना आणि बायकांना दार उघडलं ते १९५२ ला.

तर त्या लांब टांगेच्या बाजारात जर्मनी, हॉलंड, स्वीडनचे वॉर्मब्लड, म्हणजे खेळासाठी वेगवेगळं रक्त मिसळून घडवलेले घोडे चढले. हॅनोव्हरकडच्या सेले गावचा सरकारी तबेला १७३५ पासून चालतो. त्यांची वही उघडी असते. टांग हवी तर शर्यतीच्या थरोब्रेडचं रक्त घाल, दम हवा तर ट्राकेनरचं. जे चाललं ते ठेवलं, जे नाही चाललं ते सोडलं. पीआरईची वही मात्र बंद आहे. आई-बाप दोघंही वहीतले असतील तरच शिंगरू वहीत. बाहेरून काही घेता येत नाही, जे सुधारायचं ते घरातूनच वेचून काढायचं. आपल्याकडे एखादा शेतकरी दरवर्षी स्वतःच्याच शेतातली चांगली कणसं बियाण्याला राखून ठेवतो, तसं. शेजाऱ्याने संकरित वाण आणून एका हंगामात उत्पन्न वाढवलेलं असतं, आणि हा आपला वर्षानुवर्षं कणसं निवडतोय.

शिवाय घोड्याची एक पिढी म्हणजे काही पपईचं पीक नाही. शिंगरू जन्मलं, तीन-चार वर्षांचं झालं की पाठीवर माणूस, आणि आंतरराष्ट्रीय ग्रां प्रीला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या चाचणीला, घोडा किमान आठ वर्षांचा लागतो. म्हणजे नराची निवड बरोबर होती की चूक, हे कळायलाच दहा वर्षं जातात. त्यातच १९८७ ते १९९० मध्ये स्पेनमध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेसची साथ आली, आणि नेमक्या त्याच वर्षांत घोडे देशाबाहेर नेणं अवघड होऊन बसलं.

मग तो चढला कधी?

सुरुवात म्हणाल तर १९७३. आल्वारो दोमेक रोमेरो यांनी हेरेस शहरात जी घोडेस्वारीची शाळा सुरू केली, ती पुढे शाही आंदालुसियन शाळा झाली. तिथले स्वार प्रेक्षकांपुढे खेळ करायचे, पण त्यांतले काही जण स्पर्धेच्या आखाड्यातही उतरले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये इग्नासियो राम्ब्ला एवेंतो नावाचा पांढरा घोडा घेऊन आला, आणि जर्मन-डच घोड्यांच्या रांगेत हा वेगळाच प्राणी लोकांनी पाहिला. संगीतावरची फेरी ऑलिंपिकमध्ये आली तीही त्याच वर्षी. ही गोष्ट पीआरईच्या पथ्यावर पडली, कारण तिथे स्वार स्वतःचा क्रम बसवतो, आणि आपल्या घोड्याला जे छान जमतं ते जास्त दाखवू शकतो.

२००२ ला जागतिक स्पर्धा हेरेसलाच झाल्या. घरच्या मैदानावर स्पेनला सांघिक कांस्य मिळालं. २००४, अथेन्स: सांघिक रौप्य. त्या चौघांत राफाएल सोतोचा इन्वासोर, हुआन आंतोनियो हिमेनेसचा गुईसो आणि राम्ब्लाचा ओलेआखे, हे तिन्ही पीआरई. चौथी बेआत्रिस फेरेर-सालात, तिचा बोव्हाले हॅनोव्हेरियन.

आणि मग २०१०. अमेरिकेत केंटकीला जागतिक स्पर्धा. संगीताच्या फेरीत हुआन मानुएल मुन्योस दियास फुएगो दे कार्देनास घेऊन आला. मी त्याचा व्हिडिओ पाहिला तो पुतण्याच्या कॉम्प्युटरवर, थांबत थांबत, कारण आमच्याकडचं इंटरनेट तेव्हा बैलगाडीच्या गतीचं. शेवटी शेवटी स्वाराने दोन्ही लगाम एका हातात घेतले आणि दर पावलाला पाय बदलणारा घोडा मधल्या रेषेवरून सरळ आणला. स्टेडियम उभं राहिलं. गुण ऐंशी टक्क्यांच्या वर गेले. पदक नाही मिळालं. त्या दिवशी एडवर्ड गाल आणि त्याचा घोडा टोटिलास नव्वदच्या पुढे गेले होते. पण टोटिलास बघून मी थक्क झालो आणि फुएगो बघून मला आमचा बाजार आठवला. तेव्हापासून या जातीचा निकाल बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकला फुएगो होता, सोबत होसे दानियेल मार्तीन दोक्सचा ग्रांदिओसो. २०१६ ला रिओत ग्रांदिओसो पुन्हा, आणि क्लाउदियो कास्तिया रुईसचा आल्काइदे. एवेंतोचं लोकांना नवल वाटलं होतं. वीस वर्षांनी याद्यांत पीआरई नाव दिसलं तर कुणी भुवई उंचावत नव्हतं. माझ्या मते खरी चढण ही. पदकापेक्षा मोठी.

म्हणजे सुवर्णपदक नाहीच?

ऑलिंपिकचं वैयक्तिक सुवर्ण नाही. व्हिडिओखाली लोक काय वाटेल ते लिहितात, त्यावर जाऊ नका. अथेन्सला फेरेर-सालातने वैयक्तिक कांस्यही घेतलं, पण ते बोव्हालेवर, म्हणजे वॉर्मब्लडवर. वरची पदकं आजही बहुतांशी वॉर्मब्लडच नेतात. संगीताच्या फेरीतला ९४.३ टक्क्यांचा विक्रम डच जातीच्या व्हॅलेग्रोने २०१४ ला केला.

कमी कुठे पडतो?

तीन जागी. पहिली, लांबवलेली दुडकी. पीआरई गुडघा सुंदर उचलतो, पण पाय वर जातो तेवढा पुढे पडत नाही. दुसरी, पुढचे पाय चालताना बाहेर फेकले जाणं. स्पॅनिश लोक याला काम्पानेओ म्हणतात. एकेकाळी परेडीत ते ऐटीचं लक्षण होतं, आता पैदासकार ते असलेला नर बाजूला काढतात. तिसरी, साधी चाल.

साध्या चालीचं सांगतो, कारण ते तुम्ही तापीच्या वाळूत स्वतः तपासू शकता. ओल्या वाळूवरून घोडा सैल लगामाने चालवा आणि ठसे बघा. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे किती पडतो? चांगल्या वॉर्मब्लडचा दोन-तीन खुरांइतका पुढे जातो. आखूड पाठीच्या, तापट घोड्याचा बरोबर ठशावर किंवा मागेच पडतो. लांबवलेल्या चालीचे गुण ग्रां प्रीत दुप्पट धरतात, म्हणून दिसायला बिनमहत्त्वाची ही चाल निकाल फिरवते.

उलट बाजूही आहे. मागचे पाय पोटाखाली घेऊन, ढुंगण खाली बसवून वजन मागे पेलणं हे पीआरईला जन्मतः जमतं. पियाफे, पसाज आणि चौखूर चालीत जागच्या जागी घेतलेली गिरकी, इथे त्याची कमाई. गेल्या काही वर्षांत नवे पीआरई लांब टांगेचे होत चाललेत. स्पेनमध्येच काही जुने लोक कुरकुरतात, की गुणांपायी घोडा वॉर्मब्लडसारखा दिसायला लागला. माझं मन त्या जुन्यांच्या बाजूला झुकतं, पण स्पर्धा लावायची तर पंचाच्या कागदावर जे आहे ते द्यावंच लागतं.

हा पांढरा घोडा म्हणजे आपला नुकराच ना?

नाही. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, तो जन्मापासून पांढरा. पीआरईतले बहुतेक पांढरे घोडे मुळात करडे असतात: कातडी काळी, जन्मताना रंग गडद, मग वर्षागणिक केस पिकत जातात. माणसासारखंच, फक्त लवकर.

हे ज्ञान मला पैसे मोजून मिळालंय. एका यात्रेत मी एक शिंगरू घेतलं, काळंकुट्ट, व्यापाऱ्याने अगदी छातीवर हात ठेवून सांगितलं, "कोळसा आहे कोळसा." दुसऱ्या दिवाळीला ते राखाडी झालं, चौथ्या दिवाळीला अंगभर ठिपके, आणि आता ते लग्नातल्या घोडीसारखं दिसतं. घरची आजही विचारते, कोळसा कुठे गेला म्हणून. तेव्हा शिंगराच्या डोळ्याभोवती पांढरे केस बघा, आणि आई-बापांपैकी एक जण करडा आहे का विचारा. करडा असल्याशिवाय करडं होत नाही. करड्या घोड्यांना उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी येतात, तेवढं लक्षात ठेवा. म्हाताऱ्या घोड्याचा सौदा करताना शेपूट उचलून बघायला लाजू नका.

लुसितानो म्हणतात तो वेगळा का?

पोर्तुगालचा चुलतभाऊ. नोंदवह्या १९६० च्या दशकात वेगळ्या झाल्या. अंगाने सारखाच, पण त्याची निवड बैलाशी घोड्यावरून झुंजण्याच्या कामावर झाली, त्यामुळे चपळ. लंडनला गोन्सालो कार्व्हाल्यो रुबी एआर घेऊन संगीताच्या अंतिम फेरीत पोचला. टोकियोत रॉड्रिगो तोरेस फोगोसोवर तिथवर गेला. ब्राझीलचा झ्वाँव व्हिक्टर ओलिव्हाही टोकियोत लुसितानोवरच खेळला. त्याची आई हॉर्तेन्सिया ब्राझीलची नामांकित बास्केटबॉलपटू. खरं तर लुसितानोचं वेगळं लिहायला हवं, पण खाट एकच आहे.

मग आपला मारवाडी, काठियावाडी तिथे का नाही? आपला घोडा तर ढोलावर नाचतो!

आता त्या दोंडाईच्याच्या म्हाताऱ्याचा प्रश्न.

नाचतो, खरं आहे. आणि त्या नाचात पियाफेचं बीज आहे हेही खरं. मागच्या पायांवर भार, मान वर, पाय जागच्या जागी. पण पंच आधी ताल बघतो. दुडकीत पाय तिरपे जोडीने पडायला हवेत: पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग दुसरी जोडी. आपल्या बाजारात भाव खाते ती रेवाल चाल, ज्यात एका बाजूचे पाय जवळपास एकत्र जातात. स्वाराच्या हातातला चहा सांडत नाही अशी ती चाल. बसायला स्वर्ग, पण ड्रेसाजच्या कागदावर ताल बिघडलेला. ज्या गुणाला आपण जास्त पैसे देतो, तोच तिथे दोष ठरतो.

दुसरं, आपण घोडा कशावरून निवडतो ते बघा. कान टोकाला टेकतात का, उंची किती, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, बाकी भोवरे कुठे, पंचकल्याणी आहे का. यांतलं एकही घोड्याच्या मागच्या पायाबद्दल काही सांगत नाही. मी देवमण मानतो, माझ्या थोरल्या घोडीला आहे. पण तिच्या पणजोबाने काय काम केलं हे मला ठाऊक नाही. बाजारातल्या दहापैकी नऊ मालकांना बापाचं नाव तोंडी माहीत असतं, कागद नसतो. पीआरईच्या शिंगराची आई-बापाशी रक्ताची तपासणी होते, मग वही. पुढे त्याची चाल तपासून नोंदवतात, आणि कोणत्या नराची पोरं कुठवर गेली हे वर्षानुवर्षं जुळवता येतं.

काठियावाडीत सरळ दुडकी देणारे घोडे निघतात, मी पाहिलेत. खालच्या पातळीचं ड्रेसाज त्यांच्यावर छान होईल. पण लग्नाच्या वरातीत एका रात्रीत जेवढं मिळतं तेवढं देणारी ड्रेसाजची स्पर्धा आपल्याकडे नाही, हेही मालकाच्या बाजूने समजून घ्यायला हवं.

आपल्या देशाचे स्वार तरी आहेत का यात?

आहेत, आणि हे सांगताना मला खाटेवरून उठावंसं वाटतं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते १९८२ नंतर थेट तेव्हा. अनुषने वैयक्तिक कांस्यही घेतलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तो ऑलिंपिक ड्रेसाज खेळणारा पहिला भारतीय ठरला. ६६.४४४ टक्के गुण मिळाले, पुढच्या फेरीत जाता आलं नाही.

हे सगळे घोडे वॉर्मब्लड, युरोपातले, आणि सरावही तिकडेच. इथून घोडा स्पर्धेला नेणं रोगांच्या नियमांमुळे फार कठीण होतं. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातल्या रोगमुक्त कक्षाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आता तिथून तरी घोडे बाहेर जाऊ शकतील.

घोड्याला मारूनच शिकवत असतील ना?

काही ठिकाणी हो. मान छातीला टेकेल इतकी जबरदस्तीने वाकवून ठेवण्याच्या पद्धतीवर घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये बंदी घातली, कारण ती बड्या तबेल्यांत सर्रास चालत होती. २०२४ ला पॅरिसच्या तोंडावर ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिनचा, व्हॅलेग्रोच्या त्याच स्वाराचा, घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाचा जुना व्हिडिओ बाहेर आला आणि तिने माघार घेतली. एवढी मोठी बाई, पण सुटली नाही. आपल्या बाजारात काटेरी लगाम घालून खाटेवर नाचवलेल्या घोड्याच्या तोंडातून रक्त येतं, तेव्हा शिट्ट्या वाजतात. त्यावर मी जास्त बोललो की लोक खाटेवरून उठून जातात, म्हणून इथे लिहून ठेवलं.

घरबसल्या कसं बघायचं?

महासंघाच्या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात. घोड्याच्या नावावर गेलात की जात आणि जन्मवर्ष दिसतं. थेट प्रक्षेपणाला पैसे पडतात, पण जुन्या संगीत फेऱ्या यूट्यूबवर बऱ्याच आहेत. हिवाळ्यात आपलं घड्याळ स्पेनच्या साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. नोव्हेंबरात सेव्हियाला सिकाब नावाचा पीआरईचा मोठा मेळा भरतो. आमच्या यात्रेच्या जरा आधीच येतो तो, म्हणून ते बघून इकडे आलं की डोळा तयार असतो.

बघताना आवाज बंद करून बघा. संगीत चांगलं असलं की सगळाच घोडा चांगला वाटतो. नजर मानेवरून काढा आणि मागच्या पायांवर ठेवा. शेपटी सारखी आपटतेय का? तोंड उघडं पडतंय का? थांबल्यावर चारी पाय चौकोनात येतात का? एवढं जमलं की पंचाच्या आधी गुण सांगायची खुमखुमी येते. माझे आणि पंचांचे अजूनही जमत नाहीत.

कितला ना शे तो घोडा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी देत नाही. दिलं की मग पुढचं कुणी ऐकत नाही.

आप्पा, तुमची घोडी करते का पियाफे?

धाकटी करते. संध्याकाळी चंदीला उशीर झाला की दारापाशी उभी राहून जागच्या जागी पाय उचलते, डावा, उजवा, डावा, उजवा. मागचे पाय अजिबात उचलत नाही. दहापैकी चार.